वार्धक्यातील तोल आणि स्मृती



वसंतातल्या व्याख्यानांना सहसा मोठे विषय शोभतात. आज आम्ही मात्र आपल्यापुढे न्हाणीतली ओली फरशी, अंगणाच्या टोकाचा संडास आणि दिवसातून वीस वेळा विचारलेला 'आज वार कोणता?' हा प्रश्न घेऊन उभे आहोत. विषय घरगुती आहे, तरी त्याला लहान म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. म्हातारे आईबाप पडू लागले आणि विसरू लागले, की त्या घराची झोप, पैसा, भावाभावांतले संबंध आणि सुनेची प्रकृती, या सर्वांची एकाच वेळी परीक्षा सुरू होते. या सभेत अशी परीक्षा देत असलेली घरे थोडी नसतील.

आपल्याकडे एक म्हण आहे : साठी, बुद्धी नाठी. म्हण गमतीची, पण तिने फार नुकसान केले आहे. आपल्या देशात साठीपुढच्या माणसांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा सुमारे साडेसात ठरते. स्त्रियांत आणि खेड्यांत ते अधिक आहे. म्हणजे साठी उलटलेल्या शंभरांपैकी ब्याण्णव-त्र्याण्णव माणसांची बुद्धी जागेवर असते. दुसरी गोष्ट. जर्मनीतील डॉक्टर आल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रोग्याची हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली, आणि पुढे ज्या रोगाला त्यांचेच नाव मिळाले, ती स्त्री १९०१ साली त्यांच्या इस्पितळात आली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती. तेव्हा हा मेंदूचा रोग आहे. वयाबरोबर त्याचा धोका वाढतो, इतकेच. 'म्हातारचळ' म्हणून त्याला हसणे अन्यायाचे, आणि 'वयच झाले' म्हणून डॉक्टरकडे न नेणे त्याहून अन्यायाचे.

हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण विसरणारा प्रत्येक म्हातारा स्मृतिभ्रंशाचाच रोगी असतो असे नाही. थायरॉइडची ग्रंथी मंदावली, ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले, मनाला उदासी जडली, झोपेच्या वा सर्दीच्या गोळ्यांचा परिणाम झाला, तरी माणूस विसरू लागतो. आणि या सर्वांवर उपाय आहेत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तर आपण अनेकदा विसराळू ठरवतो. वास्तविक आपले बोलणे त्याच्या कानापर्यंत पोचलेलेच नसते, मग ते ध्यानात राहावे कसे?

त्यातून आपला वऱ्हाडचा उन्हाळा. काल संध्याकाळी हिशेबाने बोलणारे आबाजी आज सकाळी अचानक भलतेच बोलू लागले, घरच्यांना ओळखेनासे झाले, तर ती विस्मृती नव्हे, तातडीचे दुखणे समजावे. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. शिवाय रात्री उठावे लागू नये म्हणून तो मुद्दाम पाणी कमी पितो. त्यातून अंगातले पाणी आटते, लघवीला जंतुसंसर्ग होतो, आणि बुद्धी भरकटते. अर्धांगाच्या झटक्याचे पहिले लक्षणही कधी असेच असते. हे त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचे. विस्मृती महिन्या-वर्षांनी येते. तासा-दिवसांत येतो तो दुसराच आजार, आणि तो पुष्कळदा बरा होतो.

आता पडण्याकडे वळू. जगात दरवर्षी पावणेसात लाखांहून अधिक माणसे पडून मरतात आणि त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे 'पाय घसरला' म्हणून विषय संपतो. पण पाय का घसरला, हे कोणी विचारीत नाही. रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्यांनी उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी आली का? मोतीबिंदू पिकूनही शस्त्रक्रिया लांबणीवर पडली का? मांड्यांतले बळ गेले का? प्रत्येक पडण्यामागे कारण असते, आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पहिले पडणे हा घराला मिळालेला इशारा मानावा.

आम्ही तुम्हांला एक काम सुचवतो. आज रात्री दोन वाजता उठा, आणि तुमची आई बाजेवरून संडासापर्यंत ज्या वाटेने जाते, त्या वाटेने दिवा न लावता चालून पाहा. बाज मधोमध खोल गेलेली आहे. तीतून उठायला तरण्याला जड जाते. खाली सैल चपला. पुढे पायपुसणे, त्याचा कोपरा वर आलेला. मग उंबरठा. बटण दाराच्या पलीकडे. जुन्या घरांतली सारवलेली जमीन पायाला धरून ठेवी. तिच्या जागी आता गुळगुळीत टाईल बसली आहे, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की तिचा आरसा होतो. आणि शेवटी उकिडवे बसण्याचा संडास, जिथून उठताना धरायला काहीच नाही. या एवढ्या वाटेत आईने आजवर तोल सावरला, हेच आश्चर्य!

यावरचे उपाय महागडे नाहीत. गुडघ्याच्या उंचीचा, ताठ बसता येईल असा पलंग. रात्रभर जळणारा लहानसा दिवा, आणि वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी. पायपुसणे काढून टाकणे. उंबरठ्याच्या कडेला पांढरा पट्टा. न्हाणीत खडबडीत फरशी, बसायला स्टूल आणि भिंतीत पक्का रोवलेला लोखंडी दांडा. संडासात मध्ये भोक असलेली खुर्ची. नऊवारीचा घोळ वा धोतराचा सोगा पायांत येणार नाही इतका वर. आणि रोज थोडे चालणे, खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणे. पडेल या भीतीने म्हाताऱ्याला बसवून ठेवले, तर पायांतले उरलेले बळही जाते आणि तो अधिकच पडतो.

इतके करूनही पडणे घडलेच, तर घाईने काखेत हात घालून उठवू नका. एक पाय आखूड दिसत असेल, बाहेर वळला असेल, टेकवत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजून हलू न देता दवाखान्यात न्या. हाड बसवणाऱ्याकडे चोळून घेण्यात आपल्या भागात अमोल दिवस जातात. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी आणि माणूस लवकर उभा राहावा, यातच त्याचे प्राण असतात; अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला न्यूमोनिया आणि पाठीचे व्रण गाठतात. आणखी एक खूण ध्यानात ठेवा. डोक्याला किरकोळ मार लागला, सारे विसरले, आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस पेंगू लागला, विसरू लागला, चालताना झुकू लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठलेले असू शकते. ते वेळीच काढले तर गेलेली स्मृती परत येते.

येथे आमच्या विषयाची दोन टोके एकत्र येतात. पडण्याने विसरणे येते, तसे विसरण्याने पडणे येते. काठी घ्यायची हे ज्याला आठवत नाही, फरशी ओली आहे हे सांगितलेले ज्याच्या मनात दोन मिनिटे टिकत नाही, त्याला 'किती वेळा सांगायचे!' म्हणून ओरडणे व्यर्थ आहे. त्याच्या ठायी जे यंत्र सांगितलेले साठवीत होते तेच बिघडले आहे. म्हणून आमचे आजचे मुख्य म्हणणे एवढेच, की त्याने लक्षात ठेवावे ही अपेक्षा सोडून घरानेच त्याच्यासाठी लक्षात ठेवावे. काठी पलंगाला टांगलेली असावी. संडासाच्या दारावर ठळक खूण असावी. चष्मा, डबी, किल्ली यांची जागा एकच, आणि ती कधी बदलू नये. गोळ्या वारांच्या कप्प्यांत, आणि त्या घरच्याने हातावर द्याव्या.

जे फरशीचे तेच बोलण्याचे. बोलण्यातही म्हातारी माणसे घसरतात आणि आपण तिथे टाईल बसवून ठेवतो. 'मघाशीच सांगितले ना?' 'मी कोण, ओळख पाहू?' हे प्रश्न परीक्षेचे आहेत, आणि नापास होणाऱ्याला रोज परीक्षेस बसवणे हा छळ आहे. त्यापेक्षा 'बाबा, मी तुमची थोरली आले' असे म्हणावे. सुनेने पैसे चोरले असा आरोप आला तर वाद न घालता तिच्याबरोबर शोधू लागावे. तो आरोप सासूचा नसतो, रोगाचा असतो. स्वतःच्या घरात बसून आई म्हणते, 'मले घरी जाचं हाये.' तिला हवे असलेले घर बहुधा तिच्या लहानपणीचे असते. 'हेच तुझे घर' असे दहादा बजावण्यापेक्षा 'चल, चक्कर मारून येऊ' म्हणावे, माहेरच्या विहिरीची गोष्ट विचारावी.

सर्वांत कठीण प्रश्न पुढे आहे. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या पतीची ती वाट पाहते. सत्य बोलावे, तर तिला वैधव्य दर वेळी नव्याने येते; खोटे बोलावे, तर आपले मन खाते. आम्हांला यात एक तिसरी वाट दिसते. 'त्यांची फार आठवण येते ना? कसे होते ते, सांग.' यात असत्य नाही आणि घावही नाही.

गुरुकुंजात बसून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रोग्यांना तिन्हीसांजेला अस्वस्थता येते. ती येरझाऱ्या घालतात, रडतात. नेमका हाच दिवेलागणीचा समय सामुदायिक प्रार्थनेचा. राष्ट्रसंतांनी १९३५ साली येथे आश्रम मांडला आणि १९६८ साली ते गेले. त्यांची खंजिरी बाळपणी ऐकलेली पिढी आज सत्तरीत आणि पुढे आहे. नावे, तारखा, नातवंडे विसरलेल्या माणसाच्या मनातही लहानपणी पाठ झालेले गाणे बराच काळ शाबूत राहते, असा जगभरच्या वैद्यांचा अनुभव आहे. तेव्हा संध्याकाळी दिवे जरा लवकर लावा, टीव्हीचा आवाज बंद करा, आणि आईला येत असलेले भजन तिच्यासोबत म्हणा. रोग त्याने जात नाही. रोग मुळासकट घालवणारे औषध आज जगात कोठेही नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. पण त्या घटकेपुरती तुमची आई तुम्हांला परत भेटते, हे काय थोडे झाले?

मोझरीच्या अंगाने अमरावती-नागपूर हमरस्ता धावतो, आणि वाट चुकणाऱ्या म्हाताऱ्याला तो दिसत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात संस्कृतचे पंडित असलेले आजोबा हत्तीमागे चालत निघून जातात; मोहन आगाशे यांनी ते काम केले आहे. खेड्यात हत्ती लागत नाही, बैलगाडी किंवा एसटी पुरते. म्हणून बापाच्या खिशात नाव, गाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि चहावाला, किराणा दुकानदार, थांब्यावरचे रिक्षावाले यांना उघड सांगून ठेवावे. आपण सांगत नाही. 'घरात वेड आहे' असे कळले तर मुलीची सोयरीक मोडेल ही भीती असते. याच जिल्ह्यात, अमरावतीच्या तपोवनात, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांना माणसांत आणले. त्या रोगाला तर लोक पाप म्हणत. तिथे जी लाज टाकता आली, ती येथे टाकणे अशक्य का असावे?

शेवटी, या सेवेचा भार कोणावर पडतो ते बोलले पाहिजे. बहुतेक घरांत तो एकाच बाईवर पडतो. पुण्याचा मुलगा फोनवरून सल्ला देतो आणि दिवाळीला येऊन 'आई वाळली की' म्हणतो. रात्री चारदा उठणारी सून ते ऐकून घेते. भावंडांनी एकत्र बसून पैसा, रात्री आणि सुट्ट्या यांची वाटणी कागदावर करावी. दूर असणाऱ्याने वर्षातला एक महिना आईला सांभाळावा, किंवा रात्रीच्या मदतनिसाचा पगार द्यावा. सुनेला आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा मिळावा. सरकारचा हात आहे तोही धरावा : सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत झाले आहेत, आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा दूरध्वनी आहे. २००७ च्या कायद्याने आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा भाकरी मिळवून देईल. रात्री दोन वाजता आईचा हात धरायला कायदा येत नाही.

तो हात आपलाच लागेल. आणि त्या हाताला वेळेवर विसावा मिळेल, अशी व्यवस्था घराने आणि गावाने केली, तर तो अखेरपर्यंत प्रेमाचा राहील.

 घरी जाल तेव्हा न्हाणीतले ते पायपुसणे मात्र आजच काढा.