जुन्या मोटारीचे इंजेक्टर

सकाळीं मोटार सुरू करतांच एंजिन थरथरूं लागतें, चौकांत लाल दिव्यापाशीं थांबावें तों तें गचके खातें, आणि दुपारीं गॅरेजांतून निरोप येतो, ‘इंजेक्टर गेले, चारही बदलावे लागतील.’ श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे, त्यांना हा निरोप अपरिचित नसेल. मग घरांत एक जुनाच वाद नव्यानें उपस्थित होतो : गाडीवर पुन्हां खर्च करावा, कीं ती मोडींत द्यावी? हा निर्णय होण्यापूर्वीं ते इंजेक्टर खरोखरच ‘गेले’ आहेत काय, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण दुसऱ्याच कोणाच्या अपराधाबद्दल त्यांच्यावर पुष्कळदां आरोप येतो.

पूर्वीं पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्बुरेटर करीत असे. इ. स. १९६७ मध्यें जर्मनींतील बॉश कंपनीची विद्युत्-नियंत्रित फवारणीची पद्धति फोक्सवॅगन १६०० या गाडींतून बाजारांत आली. अमेरिकेंतील धुराविषयींचे कडक नियम हें तिच्या प्रसाराचें एक मोठें कारण. भारतांत इ. स. २००० च्या सुमारास नियम कडक झाले आणि कार्बुरेटरनें नव्या मोटारींतून निरोप घेतला. त्या वेळच्या, म्हणजे आज वीस-पंचवीस वर्षांच्या झालेल्या, पेट्रोल मोटारींचाच येथें विचार आहे. डिझेलच्या इंजेक्टरांतील दाब कित्येक पटींनीं अधिक. त्यांना घरच्या माणसानें हात लावूं नये.

इंजेक्टर म्हणजे विजेनें उघडणारी चिमुकली तोटी. तिच्या पाठीशीं सुमारें तीन बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ तिप्पट, दाबानें पेट्रोल उभें असतें. आंतील तारेच्या वेटोळ्यांतून वीज वाहिली कीं सुई किंचित् उचलली जाते व पेट्रोलाचे तुषार उडतात. वीज थांबली कीं स्प्रिंग सुईला पुन्हां खालीं बसविते. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर एंजिन मंद चालत असतां तोटी त्यांतील दोन-तीन भागच उघडी राहते. गाडी बंद केल्यावर तिच्या टोंकाशीं उरलेला थेंब एंजिनाच्या उष्णतेनें वाळतो आणि मागें राळेसारखा पापुद्रा ठेवतो. भाजीबाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडींत हे पापुद्रे लौकर सांचतात. मग तुषारांऐवजीं धार पडूं लागते.

यांतून एक विलक्षण प्रकार घडतो. धुराच्या नळींतील ऑक्सिजन-मापक चारही सिलिंडरांचा धूर एकत्र पाहतो. एका इंजेक्टरानें पेट्रोल कमी दिलें कीं मापकाला प्राणवायु अधिक दिसतो, आणि गाडींतील संगणक चौघांनाही अधिक पेट्रोल सोडावयास सांगतो. एकाच्या उपासाबद्दल तिघांना अजीर्ण, असा हा न्याय! गाडी पेट्रोल अधिक पिते, निरोगी सिलिंडरांचे प्लग काळे पडतात, आणि ते पाहून भलत्याच इंजेक्टरांना दोष दिला जातो.

म्हणून चांगला मिस्त्री प्रथम प्लग, कॉइल, हवेच्या नळ्यांतील गळती व पेट्रोलचा फिल्टर तपासतो. नंतर लांब पेचकसाचें टोंक इंजेक्टरावर टेकून व मूठ कानाशीं धरून तो टकटक ऐकतो. एखादा मुका असेल, तर आधीं त्याच्या तारा पाहाव्या. वेटोळ्याचा विद्युत्-रोध अशा बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहम असतो. तरीहि संशय उरला, तर पहिला इंजेक्टर तिसऱ्याच्या जागीं बसवून पाहावा. दोष त्याच्याबरोबर हलला, तर अपराधी सांपडला. जागेवरच राहिला, तर नवा इंजेक्टर आणून कांहींही साधणार नाहीं. केवळ मळलेले इंजेक्टर ध्वनिलहरींच्या कुंडांत धुतां येतात. काचेच्या मोजनळ्यांत चौघांची धार समान पडते कीं नाहीं, याचे धुण्यापूर्वींचे व नंतरचे असे दोन्ही आंकडे मालकानें मागून घ्यावे. टाकींत ओतावयाच्या बाटल्यांनीं थोडा मळ निघतो. जळालेलें वेटोळें त्यांनीं बरें होत नाहीं.

परंतु एका लक्षणापुढें ही सारी चर्चा थांबवावी. गाडीपाशीं पेट्रोलचा वास आला, तर ती सुरूच करूं नये. इंजेक्टराच्या वरच्या टोंकाशीं रबराची एक कडी दाब धरून ठेवते. गॅरेजांत तिला ओ-रिंग म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें ती कठीण होते, तिला चिरा पडतात, आणि तप्त एंजिनावर पेट्रोल झिरपूं लागतें. आग लागण्यास तेवढें पुरे. खालची कडी निकामी झाली, तर नुसती हवा शिरते व एंजिन थरथरतें. म्हणजे पुन्हां इंजेक्टराचीच बदनामी. भारतांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल २०२३ पासून मिळूं लागलें. जुन्या गाड्यांतील रबर त्या मिश्रणासाठीं घडविलेलें असेलच असें नाहीं; तेव्हां नव्या कड्या व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत ना, हें विचारून घ्यावें.

इंजेक्टर काढावयाचे झाल्यास पेट्रोल-पंपाचा फ्यूज काढून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे नळींतील दाब उतरतो. मग बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें आणि एंजिन थंड होऊं द्यावें. तरीहि थोडें पेट्रोल सांडतेंच. खालीं फडकें असावें, जवळपास विडी-काडी नसावी. इंजेक्टरांभोंवतींची धूळ आधींच झटकावी, नाहींतर ती थेट सिलिंडरांत जाते. नवा इंजेक्टर जुन्याच क्रमांकाचा असावा. जुनी कडी पुन्हां वापरण्यांत काटकसर नाहीं. नव्या कडीला स्वच्छ एंजिन-तेलाचा हात द्यावा. कोरडी कडी बसवितांना फाटते. शेवटीं फ्यूज व बॅटरी जोडून, एंजिन सुरू न करतां, किल्ली फिरवून पंपाला दाब भरूं द्यावा आणि विजेरीच्या उजेडांत चारही सांधे पाहावे. एकहि ओला दिसला, तर किल्ली मागें फिरवून काम पुन्हां पहिल्यापासून.