दुखणे दिसण्यापूर्वी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



वैद्यकीय शिक्षणावर बोला, असा निरोप संस्थेकडून आला तेव्हा मला थोडा संकोच वाटला. मी माणसांचा डॉक्टर नव्हे. आपल्या कोकणात ज्याला 'ढोरांचा डॉक्टर' म्हणतात, तो मी. परंतु आपल्यापैकी ज्यांना डॉक्टर व्हावयाचे आहे त्यांना आणि त्यांच्या अम्मी-अब्बांना एक गोष्ट सांगावी असे फार दिवस मनात आहे, आणि ती माझ्या धंद्यातूनच चांगली समजते. म्हणून आधी थोडा वेळ गोठ्यात चला.

गाय किंवा म्हैस व्यायली की तिच्या अंगावर एकाएकी मोठा भार येतो. दूध भराभर वाढते, भूक मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाही. चाऱ्यातून मिळते त्याहून अधिक शक्ती दुधातून निघून जाते, आणि जनावर स्वतःच्या अंगातील चरबी जाळू लागते. ती प्रमाणाबाहेर जळली की रक्तात किटोन नावाची द्रव्ये साचतात. हाच किटोसिस. मग जनावर आंबोण नाकारते, सुकत जाते, कधी श्वासाला गोडसर वास येतो. पण हे झाले उघड दुखणे. त्याआधी कित्येक दिवस नुसते दूध थोडे कमी होते, जनावर माजावर उशिरा येते, आणि मालक म्हणतो, "यंदा जरा कमी देते." आमच्या शास्त्रात याला सुप्त आजार म्हणतात. गोठ्यात उघड आजारी जनावर एखादेच असते, सुप्त आजाराची त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि खरे नुकसान त्यांच्यातच होते.

जंतांचेही तसेच. भातशेतीच्या कडेला, तळ्याच्या काठाला जनावरे चरतात. तेथील गोगलगाईंच्या अंगात यकृतातील चपट्या कृमीची पिल्ले वाढतात, बाहेर पडून गवताला चिकटतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. पुढे कित्येक महिने हा कृमी यकृत पोखरतो. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली की मालक माझ्याकडे धावतो. तोवर यकृताचे व्हायचे ते होऊन गेलेले असते. वास्तविक काडेपेटीत मावेल एवढे शेण आणून तपासले असते तरी बराच आधी पत्ता लागला असता. पण दूध देणाऱ्या जनावराचे शेण तपासायला कोण आणतो? मालक एकच प्रश्न विचारतो : दूध किती?

आता आपल्या घरी या. मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात असते. आपण फोनवर काय विचारतो? परीक्षा कधी? निकाल कधी? हाही 'दूध किती'चाच प्रश्न नव्हे काय?

एम. बी. बी. एस. झाल्यावर जो पदव्युत्तर शिक्षण घेतो त्याला निवासी डॉक्टर म्हणतात. ही तीन वर्षे असतात. पहिल्या वर्षाचा डॉक्टर रक्ताचे नमुने काढतो, रिपोर्टांमागे धावतो, केसपेपर लिहितो, रात्र रात्र वॉर्डात उभा असतो. सतत बारा तासांहून अधिक काम सामान्यतः देऊ नये आणि आठवड्याची एक सुट्टी मिळावी, असे केंद्र सरकारने 1992 साली लिहून ठेवले. प्रत्यक्षात ते किती पाळले जाते, हे ज्यांच्या घरी निवासी डॉक्टर आहे त्यांनी सांगावे. पण श्रमाने माणूस सहसा मोडत नाही. या मुलांना हातात सुरी कशी धरावी हे शिकवणारा त्यांच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असलेला दुसरा निवासी डॉक्टरच असतो. त्याने मनात आणले तर तुम्हाला शस्त्रक्रियेला उभे राहू देईल, नाही तर तीन वर्षे फायली वाहायला लावील. एवढी सत्ता एवढ्या लहान वयाच्या हाती पडते आणि वर पाहणारे बहुधा कामाच्या रेट्यात असतात. जाच सुरू होतो तो येथे.

येथे मी एक भेद करू इच्छितो. औषधाची मात्रा चुकली म्हणून वरिष्ठ रागावला, तर तो जाच नव्हे. रोग्याचा जीव त्यावर आहे, रागावलेच पाहिजे. पण रोग्यांसमोर अपमान करणे, मुद्दाम जेवू न देणे, काम शिकू न देणे, जातीवरून, धर्मावरून, राखीव जागेवरून, गावाच्या बोलीवरून टोमणे मारणे, यात शिक्षण कोणते?

डॉ. पायल तडवी यांचे नाव आपण ऐकले असेल. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल या आदिवासी मुस्लिम समाजातील ही मुलगी मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने आत्महत्या केली. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. त्याच वर्षी तिच्या आई रोहित वेमुला याच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की शिक्षणसंस्थांतील जातिभेदाला आळा बसावा. त्याआधी दहा वर्षे, मार्च 2009 मध्ये, हिमाचल प्रदेशातील टांडा येथे अमन काचरू हा वैद्यकीयचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीत गेला.

अशी बातमी आली की आपण हळहळतो. ते जबड्याखालचे पाणी झाले. त्याआधीचे महिने कोणी पाहिले?

आपल्या समाजात तर आणखी एक अडचण आहे. घरातील, कधी कधी साऱ्या मोहल्ल्यातील ती पहिली डॉक्टर असते. फीसाठी दागिने मोडलेले असतात, कोणी आखातातून पैसे पाठवलेले असतात. त्यामुळे ती मुलगी बोलत नाही. बोलली, तर आपण म्हणतो, "सोस बेटा, दोन वर्षांचा तर प्रश्न." हे प्रेमानेच म्हटले जाते. पण ऐकणारीला त्याचा अर्थ असा लागतो की घरी पुन्हा हा विषय काढू नये.

म्हणून वेगळे विचारा. आज जेवलीस का? किती तास झोपलीस? शस्त्रक्रियेला हात लावू देतात का? वॉर्डात तुला नावाने हाक मारतात की दुसऱ्या कशाने? भरभर बोलणारे मूल तुटक बोलू लागले, सुट्टी असून घरी येईनासे झाले, तर पुढच्या गाडीने जा आणि समोर बसून बोला.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही उद्या वरिष्ठ होणार आहात. "आम्ही सोसले, तुम्हीही सोसा" हे वाक्य तुमच्या कानी पडेल. म्हशीच्या अंगात एका गोल जंताची पिल्ले निपचित पडून असतात. तिला स्वतःला काही त्रास दिसत नाही. ती व्यायली की हीच पिल्ले दुधावाटे रेडकाच्या पोटात उतरतात आणि रेडकू दगावते. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच रेडकाला जंताचे औषध देतो, ते याचसाठी.

आता कायद्याचे. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. 1800-180-5522 या क्रमांकावर देशभरातून विनाशुल्क तक्रार करता येते. हा क्रमांक वहीवर लिहून ठेवा. आणि पालकहो, बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की या कायद्याखाली तक्रार विद्यार्थ्यानेच केली पाहिजे असे नाही. आई-वडील, पालक किंवा शिक्षकही ती करू शकतात. मात्र ती लेखी हवी. तोंडी सांगितलेले कार्यालयात राहत नाही. तक्रार पोचल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखाने चौकशी केली पाहिजे; तथ्य आढळल्यास त्या विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठविले पाहिजे. प्रमुखाने हयगय केली, तर त्या गुन्ह्याला त्याची साथ होती असे कायदा मानतो. तेव्हा अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, आणि दुसरीवर पोच, शिक्का व तारीख घेतल्याखेरीज तेथून उठू नका. ते सात दिवस त्या तारखेपासून मोजावयाचे आहेत.