मोटेवरचं घर

एकत्र कुटुंबाचा विषय निघाला की मायेच्या गोष्टी सुरू होतात. माया होतीच, पण आमचं घर धरून ठेवलं होतं मोटेनं.

आम्ही माणदेशातले. चार चुलते, त्यांच्या चार बायका, आजी आणि पोराटोरांचा गलका. विहिरीवर सोंडेची मोट. बैल धावेवरून उतरू लागले की चुलत्यांपैकी नाना नाड्यावर बसायचे, मोट वर यायची आणि थारोळ्यात भसकन पाणी पडायचं. दारं धरायचं काम आम्हा पोरांकडं. वाफा भरला की त्याचं दार बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. डुलकी लागून वाफा फुटला तर नानांच्या शिव्या शिवारभर ऐकू जात. एकजण मोटेवर, एक पाण्यावर, कुणी वैरणीला, कुणी गुरांमागं. वेगळं निघालं तर मोट हाकायची कुणी? म्हणून कितीही भांडणं झाली तरी चूल एकच.

त्या चुलीचं कौतुक मात्र मी जपून करते. पहाटे जातं, मग भाकऱ्यांची चवड. बापे आणि पोरं आधी जेवणार, बायका शेवटी. कोरड्यास संपलं असलं तर ठेचा. पैसा थोरल्या चुलत्यांच्या कनवटीला. आईला बांगड्या भरायच्या झाल्या तरी आजीमार्फत अर्ज!

१९७२ च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला आणि घरातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आम्हा पोरांना तिथं खायला मिळणारी सुकडी तेवढी आठवते. पण हजेरीपटावर प्रत्येकाचं नाव वेगळं होतं, बायकांचंही. आईच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे पैसे पडले. तिनं ते थोरल्या चुलत्यांना नेऊन दिले, सगळे नाहीत. धाकट्या काकूनं तर तेवढंही केलं नाही.

पुढं विहिरीवर विजेची मोटर बसली आणि पाण्याला एक माणूस पुरू लागला. मग वाटण्या व्हायला वेळ लागला नाही. जमीन, बैल, भांडी, परसातला शेवगासुद्धा वाटला गेला. नाना म्हणत, मोटरीनं घर फोडलं. आईला तसं वाटत नसावं. वेगळ्या चुलीवर ती पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर जेवायला बसली.

विहीर तेवढी सामाईक राहिली. पाण्याच्या पाळीवरून माझे चुलतभाऊ आजही हमरीतुमरीवर येतात, आणि लाइट रात्रीची असली की जो जागा असेल तो दुसऱ्याचीही मोटर चालू करून येतो.