पुरुषांची प्रजननक्षमता : आहार, सवयी आणि जबाबदारी



विवाहानंतर दोन-तीन वर्षांत घरात पाळणा हलला नाही, की दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे. तिचे उपासतापास, नवस आणि तपासण्या सुरू होतात. क्वचित मुलाच्या दुसऱ्या विवाहाची बोलणीही होतात. या सर्व काळात पुरुषाची एक साधी वीर्यतपासणी मात्र राहून जाते. वस्तुस्थिती अशी की, अपत्यहीन दांपत्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत, आढळते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयांवरील मौन मोडले. परंतु घराघरांतील संकोच अद्याप पुरता गेलेला नाही.

या संकोचाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. पौरुष आणि प्रजननक्षमता या भिन्न गोष्टी आहेत. धडधाकट, कष्टाळू पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतूंची संख्या वा हालचाल कमी असू शकते. त्यात लज्जास्पद असे काही नाही.

सवयींचा परिणाम

शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज सोडलेल्या व्यसनाचा लाभ साधारणतः तीन महिन्यांनंतर दिसू लागतो. आठ दिवसांत गुण देणारा उपाय नसतो.

वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअसने कमी राहावे, अशी निसर्गाची योजना आहे. भट्टीजवळ दीर्घकाळ काम, तासन् तास वाहन चालविणे आणि अति घट्ट कपडे यांमुळे या योजनेला बाधा येऊ शकते. तंबाखू व मद्यातिरेक शुक्रजंतूंना हानिकारक आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण तंबाखू-चुन्याची डबी खिशातून गेलेली नाही. व्यायामशाळांतून पिळदार शरीरासाठी घेतली जाणारी संप्रेरकांची इंजेक्शने तर शुक्रजंतूंची निर्मितीच थांबवू शकतात.

शेतकऱ्यांनी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. १९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाच्या कारखान्यातील कामगारांत वंध्यत्व आढळून आले. सर्वच औषधे सारखी घातक नसली, तरी फवारणीच्या वेळी हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण अंगभर कपडे वापरणे आणि नंतर स्नान करणे, ही शिस्त हवीच.

ताटातील औषध

आहारासाठी फार खर्चाची आवश्यकता नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी व मोड आलेली मटकी, पालेभाज्या, पेरू-आवळ्यासारखी फळे, शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी आणि चालत असल्यास अंडी व मासळी, असा चौरस आहार हितकारक होय. तळलेले पदार्थ व अति साखर कमी करावी. लठ्ठपणामुळे संप्रेरकांचा समतोल बिघडतो, म्हणून वजन आटोक्यात ठेवावे. रोजचे चालणे व पुरेशी झोप यांचीही जोड हवी.

महागड्या गोळ्यांच्या मागे लागणे मात्र इष्ट नव्हे. अमेरिकेत २,३७० दांपत्यांचा समावेश असलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुरुषांनी सहा महिने जस्त व फॉलिक आम्ल घेऊनही वीर्याची प्रत किंवा अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. भिंतीवरील 'शक्तिवर्धक' औषधांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने प्रतिबंध आहे.

तपासणी दोघांची

आहार व सवयी पूरक आहेत. त्या सर्व दोषांवरचा इलाज नव्हेत. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, शुक्रवाहिनीतील अडथळा किंवा वयात आल्यानंतरच्या गालगुंडामुळे झालेली इजा यांसाठी तज्ज्ञ डॉक्टरच गाठावा लागतो. एक वर्षाच्या नियमित सहजीवनानंतर, आणि पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनंतर, दोघांनीही एकाच वेळी तपासणी करून घ्यावी. पुरुषाची तपासणी सोपी, शस्त्रक्रियेविना होणारी व तुलनेने स्वल्प खर्चाची आहे.

गावातील जाणत्यांचे कर्तव्य येथेच सुरू होते. शिक्षकांनी तरुणांना व्यसनांचे हे दुष्परिणाम सांगावेत. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेच्या आरोग्यविषयक चर्चेत पुरुषांच्या तपासणीचा उल्लेख निःसंकोचपणे करावा. अपत्यहीनतेपायी एखाद्या सुनेला माहेरी धाडण्याची गोष्ट कानी आली, तर त्यांनी प्रथम एकच प्रश्न विचारावा : मुलाची तपासणी झाली आहे काय? या एका प्रश्नाने एखादा मोडू पाहणारा संसार सावरू शकेल.