कप्पीचा हिशेब

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सर्वप्रथम श्रीगणरायाला वंदन करतो. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा तो अधिपती. त्याच्या मांडवात गाणे होते, नाटक होते, तसे थोडे यंत्रशास्त्रही व्हायला हरकत नसावी. मी काही व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गाडीच्या डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांची देखभाल करणे हे माझे काम. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "कप्पी." ते हसून म्हणाले, "अहो साहेब, ती तर सहावीच्या पुस्तकात असते!"

खरे आहे. पण सहावीत शिकलेली कप्पी मला नीट कळली ती नोकरी लागल्यानंतर, आणि त्या कळण्याची किंमत दुसऱ्याच एका मुलाने मोजली. ती हकिगत शेवटी सांगतो. आधी कप्पीची ओळख करून घेऊ.

कप्पी म्हणजे कडेला खोबण असलेले आणि आसाभोवती फिरणारे चाक. खोबणीत दोर बसतो. एवढेच हे यंत्र. इथे कन्नडमध्ये तिला 'राटे' म्हणतात. आपल्या विहिरीवरच्या रहाटाचेच ते भावंड वाटते ना? आपल्यापैकी बरेच जण गावाकडची विहीर सोडून इथे आले. कोणी गलाईच्या धंद्यासाठी, कोणी नोकरीसाठी. पण रहाटाचा तो कुरकुर आवाज कोणाच्या कानातून गेला नसेल.

या विहिरीवरच्या कप्पीला स्थिर कप्पी म्हणतात, कारण ती जागा सोडत नाही. आता प्रश्न असा, की तिच्यामुळे घागर हलकी होते का? दहा किलोची घागर असेल तर दहा किलोचाच जोर लावावा लागतो. (सोयीसाठी मी जोरही किलोतच सांगतो, जाणकारांनी क्षमा करावी.) मग फायदा काय? फायदा दिशेचा. रहाट नसेल तर वाकून वर ओढावे लागते, त्यात कंबर जाते. रहाट असेल तर आपण खाली ओढतो आणि आपल्या अंगाचे वजन आपल्या मदतीला येते. १५ ऑगस्टला झेंडा फडकवताना कोणी खांबावर चढत नाही, खालूनच दोरी ओढतो, तीही स्थिर कप्पीचीच करामत.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट किती नेमकी ओळखली होती ते पाहायचे असेल तर साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहावी. छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही दगडी विहीर, आणि तिच्यावर एकाच वेळी अनेक मोटा चालवण्याची सोय. मोटेचा नाडा चाकावरून जाई, खालचा सोंदूर कण्यावरून, आणि बैल चालत ते उताराकडे. त्या उतरत्या वाटेलाच धाव म्हणतात. चाकाने ओढ्याची दिशा बदलली, म्हणून बैलांना उतारावर चालवता आले, आणि उतार असल्यामुळे बैलांचे स्वतःचे वजनही पाणी ओढू लागले. पाण्याने भरलेली मोट मात्र तेवढीच जड राहिली.

दुसरा प्रकार चल कप्पीचा. हिच्यात दोराचे एक टोक वर तुळईला बांधतात, दोर कप्पीच्या खालून घेऊन दुसरे टोक आपण धरतो, आणि ओझे टांगतात ते कप्पीलाच. ओझ्याबरोबर कप्पीही वर जाते. आता ओझे दोराच्या दोन पदरांवर लटकले आहे. साठ किलोचे ओझे असेल तर तीस किलो तुळईने धरले, तीस आपण. काम निम्म्या जोरात झाले! पण थांबा. ओझे एक मीटर वर न्यायचे तर दोन्ही पदर एकेक मीटर आखडले पाहिजेत, म्हणजे दोर दोन मीटर ओढावा लागतो. जोरात जेवढे वाचवले तेवढे अंतरात भरले. कप्पी फुकट काही देत नाही. किराणा दुकानदाराच्या वहीसारखा तिचा हिशेब शेवटी जुळतोच.

तिसरा प्रकार संयुक्त कप्प्यांचा, म्हणजे काही स्थिर आणि काही चल कप्प्या एकत्र. आमच्याकडे त्याला पुलीब्लॉक म्हणतात. नियम सोपा आहे. ओझे दोराच्या जितक्या पदरांवर लटकले असेल तितक्या पटीने जोर कमी लागतो आणि तितक्याच पटीने दोर जास्त ओढावा लागतो. भूमितीच्या त्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशाच कप्प्यांच्या जोरावर भरलेले जहाज एकट्याने ओढून दाखवले, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आपल्याला इतके लांब जायला नको. २०२१ च्या सप्टेंबरात कँटोन्मेंटकडून निघालेले 'ऊर्जा' हे बोगदा खणणारे यंत्र आपल्या शिवाजीनगरच्या मेट्रो स्थानकात बाहेर आले. त्या काळात इथल्या कामावरच्या क्रेन आपण येता-जाता पाहिल्या. हलसूर तलावाशी विसर्जनाला मोठ्या मूर्ती उतरवणारी क्रेनही पाहतो. पुढच्या वेळी तिचा आकडा नीट पाहा. आकड्याच्या वरच्या ठोकळ्यात कप्प्या असतात. दोराचे चार पदर दिसले तर प्रत्येक पदरावर ओझ्याचा चौथाच हिस्सा आहे असे समजा. म्हणूनच आकडा इतका सावकाश सरकतो. क्रेनवाला आळशी नसतो, तो हिशेब चुकता करत असतो!

पिठाच्या गिरणीतली पट्ट्याची पुली थोडी वेगळी, पण स्वभाव तोच. मोटरवर चार इंची पुली आणि जात्यावर बारा इंची पुली बसवली, तर मोटरचे मिनिटाला १४४० फेरे जात्यावर ४८० होतात. वेग तिप्पट घटला, फिरवण्याचा जोर तिप्पट वाढला. लिफ्टमध्येही कप्पीच असते. तिच्या एका बाजूला पाळणा आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी वजने. पाळणा ५०० किलोचा आणि माणसे ४०० किलोची घ्यायची असतील, तर दुसऱ्या बाजूला साधारण ७०० किलो ठेवतात. मग मोटरला ९०० किलो नव्हे, फक्त दोनशेचा फरक ओढायचा राहतो.

आता माझ्या रोजच्या कामातली कप्पी सांगतो. कँटोन्मेंट स्टेशनवरून गाडीने जाताना खिडकीतून पाहा. मधूनच एखाद्या खांबाला गोल चकत्यांची वजने एकावर एक लटकलेली दिसतील. अनेकांना वाटते, कोणीतरी सामान टांगून विसरले. ती वजने नसतील तर उन्हाळ्यात गाड्या बंद पडतील.

इंजिनाला वीज देणारी तार तांब्याची असते. ऊन लागले की तांबे लांबते, थंडीत आखडते. ७५० मीटर लांबीची तार तीस अंशांच्या फरकाने सुमारे ३८ सेंटीमीटर लांबते. एवढी सैल पडली तर ती झोळ खाईल आणि गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ तिच्यात अडकून सगळेच तोडून नेईल. म्हणून तार सदैव ताणलेली हवी. वरची आधाराची तार आणि खालची विजेची तार, दोन्ही मिळून ताण लागतो सुमारे २००० किलोचा. जास्त वेगाच्या मार्गांवर त्याहूनही अधिक. पण खांबाला दोन टन टांगायचे कोणी? तिथे कप्प्या येतात. तीन कप्प्यांच्या रचनेत तिपटीचा फायदा, म्हणून ६६५ किलो वजन पुरते. पाचपटीची रचना असेल तर ४०० किलो. तार लांबली की वजने आपोआप खाली येतात, आखडली की वर जातात, ताण तेवढाच राहतो. आणि कप्पीचा हिशेब इथेही सुटत नाही. तार ३८ सेंटीमीटर लांबली तर तिपटीच्या रचनेत वजने सव्वा मीटरच्या आसपास, नेमके म्हणजे ११४ सेंटीमीटर, खाली येतात. तेवढी मोकळी जागा खाली राखावी लागते. वजने जमिनीला टेकली की संपले, ताण गेला. ना मोटर, ना बटण, दिवसरात्र हे काम चालू असते. फक्त कप्पी गंजू द्यायची नाही आणि दोर झिजू द्यायचा नाही. आमचा पगार त्यासाठीच आहे.

आता ती हकिगत.

साल २००६. मला नोकरी लागून थोडीच वर्षे झाली होती. गणपतीला रजा काढून गावी गेलो होतो. मांडवाच्या कमानीवर दिव्यांची लोखंडी चौकट चढवायची होती, साधारण साठ किलोची. वर आडवा बांबू, त्याला एक जुनी कप्पी, आणि खालून पोरे दोर ओढणार. "साहेब, बांबू पेलेल ना?" असे मला विचारले. साहेब म्हटल्यावर मी जरा फुगलोच. एका धट्ट्याकट्ट्या गड्याला मी बांबूला लोंबकळायला सांगितले. तो सत्तर किलोचा तरी असेल. बांबू वाकला, पण मोडला नाही. मी म्हणालो, "सत्तर पेलतोय, चौकट साठची आहे. चढवा बिनधास्त."

चौकट कमानीपर्यंत गेली आणि बांबू मोडला. खाली सतरा वर्षांचा एक मुलगा चौकट झोके खाऊ नये म्हणून दोरी धरून उभा होता. त्याने हात वर केला म्हणून डोके वाचले. मनगट मोडले. तो आमच्या गावचा पहिल्या फळीतला ढोलवाला होता. त्या वर्षी मिरवणुकीत त्याचा ढोल वाजला नाही. संध्याकाळी त्याची आई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. ती मला एवढेच म्हणाली, "अरे, तू तर इंजिनिअर ना?"

माझी चूक कुठे झाली? तुमच्यापैकी कोणाला कळली? कप्पीच्या एका बाजूला साठ किलोची चौकट होती. तिला तोलायला दुसऱ्या बाजूने पोरे साठ किलोच्या जोराने खाली ओढत होती. दोन्ही बाजूंचे दोर खालीच ओढतात, आणि दोन्हींचा भार बांबूवर येतो. म्हणजे बांबूवर साठ नव्हते, एकशे वीस होते. कप्पी गंजलेली, घट्ट फिरणारी. त्यामुळे साठऐवजी सत्तरने ओढावे लागत असेल तर झाले एकशे तीस. शिवाय पोरांचे हिसके वेगळेच. मी सत्तरची परीक्षा घेतली आणि जवळजवळ दुप्पट भार टाकला. हे गणित मला येत होते, परीक्षेत मी ते सोडवलेही होते. त्या दिवशी ते आठवले नाही, कारण विचार न करता "चालेल" म्हणणे मोठेपणाचे वाटले.

तिथे एक चल कप्पी जोडली असती, तर पोरांना तीसच किलोने ओढावे लागले असते आणि बांबूवर एकूण नव्वद किलो आले असते. म्हणजे जोरही वाचला असता आणि बांबूवरचा भारही. एक कप्पी आणि थोडा जास्त दोर, एवढाच तो खर्च.

तेव्हा आपल्या सजावटीच्या तरुण मंडळींना हात जोडून चार गोष्टी सांगतो. एक, स्थिर कप्पीने ओझे उचलताना वरच्या आधारावर ओझ्याच्या दुप्पट भार येतो, हे ध्यानात ठेवा आणि आधार त्याहूनही कितीतरी भक्कम घ्या. दोन, कप्पी सहज फिरते का आणि दोर खोबणीत नीट बसतो का ते पाहा. कुरकुरणारी कप्पी भार वाढवते. तीन, ओझे अधांतरी असताना कोणीही खाली उभे राहू नये. चौकट आवरायची दोरी लांब घ्या आणि बाजूला उभे राहून धरा. चार, दोर हातात धरून कोणाशी गप्पा मारू नका, आधी पक्का बांधा. आणि पाचवी, न मागता सांगतो. "पेलेल का?" असे कोणी विचारले, तर मला, तुम्हाला किंवा कोणाही डिग्री-डिप्लोमावाल्याला, उत्तर कागदावर मांडून द्यायला लावा. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

१८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा गृहस्थ स्वतः पाळण्यावर उभा राहिला आणि वरचा दोर त्याने तोडायला लावला. त्याने बसवलेल्या अडकणीने पाळणा जागीच थांबवला. तेव्हापासून लोक लिफ्टवर विश्वास ठेवू लागले. आपल्या हिशेबाखाली आधी स्वतः उभे राहायची तयारी हवी. मी त्या दिवशी बाजूला उभा होतो.

तो मुलगा आता पस्तिशीच्या पुढे गेला आहे. हाड जुळले, पण मनगट पूर्ण वळत नाही. गावी गेलो की भेटतो, हसून नमस्कार करतो. त्याने मला कधी बोल लावला नाही, तेच मला जास्त जड जाते. उद्या आपली कमान चढणार आहे. मी सकाळी सातला इथे येतो, वही-पेन्सिल घेऊन. ज्यांना कप्पीचा हिशेब शिकायचा असेल त्यांनी जरूर यावे. लहान मुलांनीही यावे, पण दोराबाहेर उभे राहून पाहावे.



गणपती बाप्पा मोरया!