आकाशातील बॉम्ब आणि भूमीवरील जवान
(विजय दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१६ डिसेंबर १९७१ चे ते छायाचित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ढाक्यात नियाझी शरणागतिपत्रावर स्वाक्षरी करीत आहेत आणि शेजारी ले. जनरल जगजितसिंग अरोरा बसलेले आहेत. मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांमध्ये नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन हेही आहेत. ढाका समुद्रापासून दूर. तेथवर पोहोचले ते आपले भूदल. मग या प्रसंगी नौदलाच्या सेनानीला मानाचे स्थान कशासाठी?

याचे उत्तर नकाशात आहे. पूर्व पाकिस्तानला तीन बाजूंनी भारताने वेढलेले होते. चौथी बाजू बंगालच्या उपसागराची. तीन दिशांनी आपले सैन्य आत शिरत असताना चितगाव, कॉक्स बझार, मोंगला, खुलना ही दारे उघडी राहिली असती, तर त्याच वाटेने शत्रूला रसद आली असती आणि त्याच वाटेने त्याला निसटताही आले असते. हे चौथे दार बंद करण्याची कामगिरी ‘विक्रांत’कडे आली.

‘विक्रांत’ची त्या वेळची अवस्था काय होती? ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली. दहा वर्षांतच तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले आणि तिच्या वेगावर मर्यादा पडली. साध्या जहाजाचा वेग घटला तर ते उशिरा पोहोचते, एवढेच. विमानवाहू नौकेचा वेग घटला तर तिचे शस्त्रच बोथट होते. आखूड धावपट्टीवरून जड विमान वर चढायचे, तर समोरून जोराचा वारा हवा. वारा पडलेला असेल तेव्हा नौकेने स्वतःच्या धावेने तो निर्माण करावा लागतो. वारा अपुरा असेल तर विमानावरील बॉम्ब तरी कमी करावे लागतात, नाहीतर इंधन तरी. अशा नौकेला युद्धात न्यावे की नाही, याविषयी वरिष्ठांच्या मनात शंका होत्या आणि त्या निराधार नव्हत्या. तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ती निघाली.

तिच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाणबुडी ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणमजवळ स्फोट होऊन बुडाली. ‘विक्रांत’ तेथे नव्हतीच. ती अंदमानच्या बाजूला दडून राहिली होती. ४ डिसेंबरला सकाळी तिची सी हॉक विमाने कॉक्स बझारच्या विमानतळावर आणि दुपारी चितगाववर तुटून पडली. सी हॉक हे एकाच वैमानिकाचे जेट. ले. कमांडर एस. के. गुप्ता यांच्या तुकडीकडे दिवसाचे हल्ले होते. अलिझे हे पंख्याचे, संथ विमान मुळात पाणबुड्या शोधण्यासाठी घेतलेले, परंतु रात्रीच्या बॉम्बफेकीला तेच उपयोगी पडले. पुढच्या दिवसांत धावपट्ट्या, बंदरे, गनबोटी आणि मालवाहू जहाजे लक्ष्य झाली. काही विमाने गोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन परतली. ‘विक्रांत’वरील वीरांना या युद्धात २ महावीरचक्रे आणि १२ वीरचक्रे मिळाली. महावीरचक्राचे मानकरी होते स्वराज प्रकाश आणि गुप्ता.

भूदलाला आकाशातून साहाय्य दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार ऐन आघाडीवरचा. १९५० च्या हिवाळ्यात कोरियातील चोसिन जलाशयाजवळ अमेरिकी सैनिक चिनी वेढ्यात सापडले, तेव्हा विमानवाहू नौकांवरील विमानांनी त्यांच्या अगदी जवळ बॉम्ब टाकून वाट मोकळी केली. हे जमले, कारण प्रत्यक्ष वैमानिक असलेला अधिकारी रेडिओ घेऊन पायदळाबरोबर चालत होता आणि आपल्या आघाडीची जागा वरून कळावी म्हणून बर्फावर रंगीत कापडी पट्टे अंथरले जात होते. दुसरा प्रकार आघाडीच्या मागचा, शत्रूची रसद आणि माघारीचा मार्ग तोडण्याचा. ‘विक्रांत’चे कार्य प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारचे. मेघना ओलांडणाऱ्या जवानाला सी हॉक कदाचित एकदाही दिसले नसेल, पण त्याच्यासमोरच्या शत्रूची पाठ उघडी पडली ती या विमानांमुळे.

मात्र विजयाचे स्मरण करताना त्यातील वेदना झाकून ठेवू नये. १० डिसेंबरचा प्रसंग त्यासाठीच सांगितला पाहिजे. कमांडर मोहन नारायणराव सामंत या मराठी नौदल अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली एक लहान ताफा मोंगल्याहून नदीतून खुलन्याकडे निघाला होता. त्यात ‘पनवेल’ ही आपली गनबोट होती आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या दोन बोटी होत्या. वरून ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती. तरीही खुलन्याजवळ आकाशातून बॉम्ब आले. ते शत्रूचे नव्हते, भारतीय हवाई दलाच्या विमानांचे होते. वैमानिकांना त्या बोटी शत्रूच्या वाटल्या. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ नष्ट झाल्या. ‘पलाश’च्या इंजिनघरातील रुहुल अमीन यांनी बोट वाचवण्याची शर्थ केली आणि प्राण वेचले. बांगलादेशाने ‘बीर श्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान ज्या सात वीरांना दिला, त्यांत ते एक आहेत. ‘पनवेल’ वाचली आणि ले. कमांडर नोरोन्हा यांनी मोहीम सोडली नाही. सामंत आणि नोरोन्हा दोघेही महावीरचक्राचे मानकरी ठरले.

दोष कोणाला द्यायचा? शेकडो मैलांच्या वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला निर्णयासाठी काही क्षणच मिळतात. नदी तीच, बोटीही तशाच दिसणाऱ्या. खालचा ताफा कोणत्या घटकेला कोठे असेल, ही वार्ता त्याच्यापर्यंत निःसंदिग्धपणे पोहोचलेली नसेल, तर पिवळ्या खुणेने काय साधणार?

युद्धाच्या अखेरच्या दिवसांत कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर गुरखा सैनिक उतरवण्यात आले, तेव्हाही हाच धडा मिळाला. आकाश आपले होते, किनाऱ्यावर प्रतिकारही नव्हता. परंतु पाण्याखालच्या वाळूच्या दांड्याची आणि खोलीची पुरेशी माहिती नव्हती. शत्रूची एक गोळीही न झेलता काही जवानांना जलसमाधी मिळाली.

भूदल, नौदल आणि हवाई दल ही एकाच देहाची अंगे आहेत, असे आपण सहज म्हणून जातो. देहात हाताने काय केले ते डोळ्याला तत्क्षणी कळते. सैन्यात हे आपोआप घडत नाही. त्यासाठी शांततेच्या काळात एकत्र सराव करावा लागतो, एकमेकांची भाषा शिकावी लागते, एकच नकाशा वापरावा लागतो आणि चुका कागदावर नोंदवून पुढच्या पिढीच्या हाती द्याव्या लागतात. या कामाला पदके मिळत नाहीत आणि त्याची छायाचित्रेही छापून येत नाहीत. जवानाचे प्राण मात्र त्यावरच अवलंबून असतात.

जुनी ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे २०१४ मध्ये ती भंगारात गेली. २०२२ मध्ये कोची येथे बांधलेली नवी ‘विक्रांत’ तिचे नाव घेऊन नौदलात आली. सी हॉक आणि अलिझे गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात आहेत. सुटीत गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना घेऊन तेथे थोडा वेळ अवश्य थांबावे. ४ डिसेंबरची गोष्ट मुलांना सांगावीच. तिच्यासोबत १० डिसेंबरचीही सांगावी. पराक्रमाचा वारसा जपायचा, तर त्याची किंमत ठाऊक असलेली पिढी घडली पाहिजे.