वसाहतीचा एकच बंब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हिवाळ्यातली पहाटेची आंघोळ ही गोंदियात कसोटीच असते. विदर्भातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत आपल्या गावाचे नाव वारंवार येते. पूर्वी अशा सकाळी मागच्या अंगणात तांब्याचा बंब पेटायचा. पहिली आंघोळ आजोबांची, मग घरातल्या साऱ्यांची. एका बंबावर आठ-दहा माणसांचे भागायचे. आता त्याच जागी चाळीस सदनिकांची इमारत उभी राहिली, की चाळीस गीझर येतात आणि सकाळी सहाला ते एकदम सुरू होतात. मला आज बोलायचे आहे ते बंबाविषयीच, मात्र एका घराच्या नव्हे, सबंध वसाहतीच्या.

गीझर विजेवर चालतो आणि आपली बहुतेक वीज अजून कोळशातून येते. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर चक्र फिरवून वीज करायची, ती तारांतून घरी आणायची आणि तिने पुन्हा पाणीच तापवायचे, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. कोळशातली निम्म्याहून अधिक उष्णता तर औष्णिक केंद्रातच वाया जाते.

आता दुसरीकडे पाहा. गोंदिया म्हणजे धानाचे कोठार. शंभर किलो धान भरडले की साधारण वीस किलो तूस निघते. बोलण्यात आपण त्याला भुसा म्हणतो. उकड्या तांदळाच्या गिरण्यांना तो नवा नाही. धान वाफवण्यासाठी त्यांचे बॉयलर याच भुशावर पेटतात. म्हणजे भुशापासून वाफ करण्याची विद्या आपल्याकडे कुणाला बाहेरून येऊन शिकवावी लागणार नाही. ती गिरणीच्या कुंपणापलीकडे आलेली नाही, एवढेच.

कल्पना अगदी साधी आहे. वसाहतीच्या एका कोपऱ्यात एक बॉयलर. तिथून उष्णतारोधक वेष्टन घातलेले नळ जमिनीखालून प्रत्येक इमारतीपर्यंत जातात. गरम पाणी येते, उष्णता देते आणि परत जाते. पाण्याच्या मीटरसारखेच उष्णतेचेही मीटर असते. जेवढी वापरली तेवढे बिल.

हे स्वप्नरंजन नाही. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या डेन्मार्कने १९७९ मध्ये यासाठी कायदा केला. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरे अशा सामाईक व्यवस्थेवर ऊब घेतात आणि त्यांतली काही केंद्रे शेतातल्या पेंढ्यावर चालतात. कॅनडात बर्नबीच्या डोंगरावर सायमन फ्रेझर विद्यापीठ आहे. विद्यापीठाला आणि त्याच्या शेजारी वसलेल्या नव्या वस्तीला लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांवर तापवलेले पाणी एकाच केंद्रातून मिळते. दूर कशाला, आपले साखर कारखाने पाहा. चिपाडावर बॉयलर पेटतो, वाफ आधी वीज करते आणि त्याच वाफेवर मग रस आटतो. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून सूर्यतबकड्यांची वाफ हजारो भक्तांचा स्वयंपाक करण्याच्या कामी आली. एका ठिकाणी उष्णता करायची आणि अनेकांनी वाटून घ्यायची, हे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे.

थोडा हिशेब मांडू. एक किलो भुशात साधारण तीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. भट्टीत आणि नळात जाणारी तूट वजा केली, तर तेवढ्यात साठ लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर यायला हरकत नाही. त्यात गार पाणी मिसळले की चौघांच्या आंघोळी होतात. म्हणजे एका कुटुंबाला रोज एक किलो भुसा. पाचशे घरांना पाचशे किलो, आणि तो अडीच टन धान भरडले की निघतो. एखादी मध्यम गिरणी तेवढे काम एका सकाळीच उरकते. हेच पाणी गीझरने तापवायचे तर रोज सुमारे हजार युनिट वीज लागेल. कोळशाच्या विजेमागे युनिटला पाऊण किलोहून अधिक कार्बन वायू हवेत जातो. भुसा जळतानाही तो निघतोच. पण तो त्याच हंगामात धानाने हवेतून घेतलेला असतो. घेतले तेच परत केले, हा त्यातला फरक.

कुणी म्हणेल, आंघोळीचे पाणी छपरावरच्या सौरबंबानेही तापते. बरोबर आहे, आणि बैठ्या घराला तोच उत्तम. पण सहा मजली इमारतीत माणसे फार आणि छप्पर थोडे. शिवाय गोंदियाचे खरे दुखणे उन्हाळ्याचे आहे. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की कूलरही हात टेकतो. इथे वाफेचा दुसरा गुण उपयोगी पडतो. वाफेच्या उष्णतेवर पाणी थंड करणारी यंत्रे असतात. पुण्यात मुख्यालय असलेली थरमॅक्स ती बनवते. एकाच केंद्रातून अनेक इमारतींना गारवा पुरवण्याची व्यवस्था गुजरातच्या गिफ्ट सिटीत २०१५ पासून आहे. ती विजेवर चालते. पण नळांचे जाळे आणि बिलाची पद्धत यांचा धडा तिथे मिळतो.

अर्थात, अडचणी लपवून उपयोग नाही. भुशाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा राख होते. ती उडाली तर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत आणि छातीत जाते. धूर गाळणारी यंत्रणा आणि राख झाकून नेण्याची सोय नसेल, तर असे केंद्र वस्तीजवळ नसलेलेच बरे. ही राख सिमेंट व विटांच्या कामी येते, तेव्हा तिची विल्हेवाट आधीच ठरवता येते. दुसरी अडचण भावाची. आज टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूला उद्या गिऱ्हाईक मिळाले की तिचा भाव चढतो. म्हणून गिरणीमालकांशी अनेक वर्षांचा करार हवा. आणि बॉयलर बंद पडला तर पर्यायी सोय हवी, कारण चाळीस गीझर एकदम बिघडत नाहीत. एक बॉयलर मात्र बिघडू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही व्यवस्था कुठेही आणि केव्हाही करता येत नाही. उष्णता विजेसारखी दूर नेता येत नाही. नळ लांबला की ती वाटेतच निवते. म्हणून घरे दाट हवीत आणि जवळ एखादे मोठे, बारमाही गिऱ्हाईक हवे. रुग्णालयासारखे गिऱ्हाईक नाही. कपडे धुणे, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, स्वयंपाकघर, वसतिगृहे, सगळीकडे उष्णता लागते आणि ती वर्षभर लागते. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. असे महाविद्यालय आले की त्याच्याभोवती वसतिगृहे, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आणि सदनिका येतातच. वसाहतीच्या बंबासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

पण त्याची वेळ एकदाच येते. जमिनीचा आराखडा कागदावर असतो, तेव्हा नळाची चर काढणे स्वस्त असते. रस्ते सिमेंटचे झाले, घरोघरी गीझर बसले, की तेच काम कुणालाही परवडत नाही. नवा कोरा रस्ता पुन्हा फोडताना पाहिला नाही, असा गोंदियाकर विरळा. म्हणून कोणतीही नवी वसाहत आखताना पाणी, सांडपाणी आणि वीज यांच्या जोडीला उष्णतेचा नळ हा चौथा प्रश्न आराखड्याच्या टेबलावर विचारला जावा. हिशेब जमला नाही तर खुशाल नाही म्हणावे. पण हिशेब न करताच नाही म्हणू नये. निदान चरीत रिकामी जागा तरी राखून ठेवावी.

घरच्या बंबाला कुणी तरी पहाटे लवकर उठून पेटवावे लागे. वसाहतीच्या बंबासाठीही कुणाला तरी लवकर उठावे लागेल, रस्ते होण्याच्या आधी.